बारा घरांची वस्ती आणि उघडे एक दार

प्रश्न : ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेमसाठी मी 2023च्या अखेरीस एक मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये घालायची माझी स्वतःची भर, करायला घेतला. समुद्रकिनाऱ्यापलीकडे होड्या दुरुस्त करणाऱ्यांची एक वस्ती, तिथे 12 नवी माणसे, त्यांची घरे, त्यांचे रोजचे बोलणे आणि मैत्री वाढेल तसे उलगडणारे प्रत्येकी 4 प्रसंग, अशी माझी कल्पना होती. माझी एक मैत्रीण चित्रे काढणार होती आणि बाकी सर्व मी करणार होते. आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी दोन तास, मी नेमाने काम करते. आज माझ्याकडे 9 अर्धे नकाशे, 3 माणसांचे संवाद आणि नीट चालणारा एकच प्रसंग आहे. मध्यंतरी गेमचे मोठे अपडेट आले तेव्हा सगळेच बंद पडले आणि ते सावरण्यात काही महिने गेले. मैत्रिणीने 12 चेहरे पूर्ण करून दिले, पण नव्या नोकरीमुळे ती आता या कामात नाही. ज्यांना मी सुरुवातीची चित्रे दाखवली होती ते ‘कधी होणार?’ असे विचारतात. धाकटा भाऊ म्हणाला, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” मला खरोखर प्रश्न पडला आहे की माझ्यात धीर कमी आहे की वेग? काम सोडून द्यावे का?
— एक मॉडर

उत्तर :

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना मी फक्त आकड्यांखाली रेघा ओढत गेले, कारण तुमच्या मनाला लागलेली टोचणी त्या आकड्यांतच दडलेली आहे, असे मला वाटते. दोन वर्षांच्या आसपास आठवड्याला चार तास नेमाने देणाऱ्या व्यक्तीला तू अधीर आहेस असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि नोकरी-संसार सांभाळून एवढा वेळ काढणाऱ्याला वेग वाढव असे सांगणेही मला रास्त वाटत नाही. अडचण तुम्ही काम ज्या पद्धतीने पसरवले आहे त्यात आहे. आधी सगळे नकाशे, मग सगळ्यांची बोलणी, मग सगळ्यांचे प्रसंग, असा क्रम तुम्ही धरलेला दिसतो. बारा घरांच्या भिंती गुडघ्याइतक्या उंच उठल्या आहेत, पण राहता येईल असे घर एकही नाही. अशा कामात कितीही संध्याकाळी घातल्या तरी ‘झाले’ म्हणण्याचा क्षण अगदी शेवटी, एकदाच येतो, आणि तोपर्यंत माणूस स्वतःलाच दोष देत राहतो.

आधी हिशोब मांडू, कारण तो तुम्ही मनातल्या मनात टाळला आहे असा मला संशय आहे. एक प्रसंग लिहून, पात्रांच्या हालचाली बसवून, तपासून पूर्ण करायला तुम्हाला तीन संध्याकाळी लागतात असे धरले, तर 48 प्रसंगांना 144 संध्याकाळी लागतील, म्हणजे आठवड्याला दोन या हिशोबाने 72 आठवडे. संवादांचे पाहिले तर आठवड्याच्या प्रत्येक वाराला आणि चारही ऋतूंत वेगळे वाक्य हवे असेल तर एका माणसाची 28 वाक्ये होतात आणि 12 माणसांची 336. त्यात सणांची, पावसाची, भेटवस्तूंची वाक्ये अजून धरलेली नाहीत. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. हाती घेतलेले काम एका माणसाच्या फावल्या वेळाच्या दृष्टीने कित्येक वर्षांचे आहे, एवढेच मला दाखवायचे आहे. खुद्द हा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने, चार वर्षांहून अधिक काळ जवळजवळ पूर्णवेळ राबून तयार केला आणि तो 2016च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. तुम्ही त्याला एक नवी वस्ती जोडता आहात आणि तीही आठवड्याच्या चार तासांत. हे गणित पुढ्यात ठेवल्यावर ‘मी मागे पडले’ हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही, कारण ज्याच्या मागे पडायचे असे वेळापत्रक कोणी आखलेलेच नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की वस्ती तीच ठेवा, पण ती आडवी बांधणे थांबवून उभी बांधा. बारापैकी एक माणूस निवडा. जिचा किंवा ज्याचा प्रसंग आज चालतो तीच व्यक्ती घ्या. पत्रात तुम्ही तिचे नाव दिलेले नाही, म्हणून मी तिला तूर्त नावाडीण म्हणते. तिचे घर आणि घरापुढचा धक्का एवढाच नकाशा पूर्ण करा. तिला आठवड्याच्या सात वारांची सात वाक्ये द्या. ऋतूनुसार वेगळे वाक्य सापडले नाही तर गेम वाराचे साधे वाक्य उचलतो, त्यामुळे सात वाक्यांवरही ती रोज काही ना काही बोलू शकते. हा गेम मैत्री हृदयांत मोजतो, तेव्हा तुमच्याकडे तयार असलेला एक प्रसंग दोन हृदयांच्या मैत्रीला लावा आणि दुसरा एक चार हृदयांसाठी नव्याने लिहा. एका हृदयाला 250 गुण लागतात हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा प्रसंग सुरू होण्याच्या अटीतले आकडे 500 आणि 1000 असतील. एवढे झाले की त्याला 0.1 हा आवृत्तीक्रमांक द्या आणि विचारणाऱ्यांच्या हाती ठेवा.

उरलेल्या अकरा घरांचे काय, असे तुम्ही विचाराल. ती घरे नकाशावर राहू द्या आणि त्यांची दारे बंद ठेवा. बंद दार अर्धवट कामाची खूण वाटेल ही भीती मी अनेक मॉडरांकडून ऐकली आहे आणि ती मला अनाठायी वाटते. मूळ गेममध्येही गावकऱ्यांच्या खोल्या पुरेशी मैत्री झाल्याखेरीज उघडत नाहीत. खेळाडूला बंद दाराची सवय आहे. दारापाशी एक छोटी पाटी लावा, ‘मालक समुद्रावर गेले आहेत’ अशी. धक्क्यावर वाळत घातलेले एक जाळे आणि अर्धी रंगवलेली एक होडी दिसली की खेळाडूच्या मनात त्या घरातली माणसे तुम्ही लिहिण्याआधीच वावरू लागतील. अर्धा रिकामा नकाशा आणि बंद दारांची वस्ती यांत काम सारखेच असते, पण पहिल्यात पोकळी दिसते आणि दुसऱ्यात माणसांची चाहूल लागते.

वर्षानुवर्षे चाललेले मोठे मॉड पाहिले तरी टिकून राहिलेल्यांची रीत बहुधा हीच आढळते. ‘मॉरोविंड’ हा गेम 2002मध्ये आला, आणि त्याच्या बेटापलीकडची मुख्य भूमी उभारण्याचा ‘टॅमरिएल रिबिल्ट’ हा प्रकल्प त्याआधीपासूनच सुरू झाला होता. दोन दशके उलटून गेली तरी तो पुरा झालेला नाही, तरीही लोक तो आजही खेळतात, कारण तो एकेक प्रदेश पूर्ण करून देत आला आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ 1999मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमचा मॉड म्हणून लोकांसमोर आला तेव्हा त्यात केवळ ओलिसांची सुटका करण्याचा खेळ होता, ज्या बॉम्बच्या डावामुळे तो पुढे घरोघर ओळखला गेला तो डाव नंतरच्या चाचणी आवृत्तीत आला. ‘ब्लॅक मेसा’च्या मंडळींनी ‘हाफ-लाइफ’ नव्याने घडवायला घेतला आणि 2012मध्ये परग्रहावरची शेवटची प्रकरणे वगळून उरलेला भाग खुला केला. ती प्रकरणे पूर्ण होऊन सबंध गेम 2020मध्ये आला. मधली आठ वर्षे खेळणाऱ्यांच्या हाती काहीतरी होते, आणि माझ्या मते करणाऱ्यांच्या मनालाही त्याचा मोठा आधार मिळाला असणार.

आता प्रत्यक्ष संध्याकाळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण धीर म्हणतात तो तिथेच लागतो. माझ्या स्वतःच्या एका लहान मॉडमध्ये घड्याळे दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. तो खिडकीपर्यंत तीन चौकटी खाली चालत येतो, डावीकडे उभ्या असलेल्या खेळाडूकडे वळतो आणि आपल्या वारलेल्या भावाबद्दल एकच वाक्य बोलतो. पहिल्या संध्याकाळी तो प्रसंग चालवून पाहिला तेव्हा ते वाक्य निर्जीव वाटले. मी ते दोनदा बदलले, शब्द कमी केले, पुन्हा वाढवले आणि शेवटी आपल्याला लिहिताच येत नाही अशी समजूत करून घेऊन झोपायला गेले. दुसऱ्या संध्याकाळी शांतपणे हालचालीची ओळ वाचली. तिच्यात पात्राच्या नावापुढे 0, 3, 2 असे आकडे होते : आडवे काही नाही, खाली तीन चौकटी, आणि तोंड खाली. दिशा वरपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात, वर 0, उजवीकडे 1, खाली 2, डावीकडे 3. माझा म्हातारा ते वाक्य खेळाडूकडे न पाहता भलतीकडेच तोंड करून बोलत होता. 2च्या जागी 3 लिहिले, बोलण्याआधी 600 मिलिसेकंदांचा विराम घातला आणि पहिल्याच दिवशी लिहिलेले मूळ वाक्य परत आणले. ते नेमके बसले. तुमचा चालणारा एक प्रसंग बसवताना तुम्हीही अशा एखाद्या आकड्यापाशी अडून पुढे गेलेल्या असणार. तो अनुभव तुमची कमाई आहे आणि पुढच्या प्रसंगात तो तुमची एखादी संध्याकाळ नक्की वाचवील.

एक गोष्ट तुम्ही करत असालच, तरी खात्रीसाठी विचारते. प्रत्येक बदलानंतर गेम बंद करून पुन्हा सुरू करता का? गेममधला एक पूर्ण दिवस, सकाळी 6 ते रात्री 2, खऱ्या घड्याळाची सुमारे 14 मिनिटे खातो. दोन हृदयांची मैत्री दरवेळी खेळून कमवायची म्हटली तर दोन तासांची संध्याकाळ चाचणीतच संपेल. मॉडच्या फायली गेममध्ये बसवणारे कंटेंट पॅचर वापरत असाल तर गेम चालू असतानाच तुमच्या फायली पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा स्मॅपीच्या, म्हणजे मॉड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, काळ्या खिडकीत देता येते, आणि हवा तो प्रसंग त्याच्या ओळखक्रमांकाने थेट सुरू करून पाहता येतो. चाचणीसाठी एक वेगळी सेव्ह फाइल, म्हणजे खेळाची प्रगती साठवणारी फाइल, ठेवा आणि आपली आवडती, मन लावून वाढवलेली शेती तिच्यापासून दूर ठेवा.

दोन संध्याकाळींच्या मध्ये तीन-चार दिवसांचे अंतर पडते आणि माझ्या मते तुमच्या प्रकल्पाची सर्वात मोठी गळती तिथे होते. ‘मागच्या वेळी कुठे थांबले होते’ हे आठवण्यात पहिला अर्धा तास जातो. त्यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. संध्याकाळ संपायला दहा मिनिटे उरली की नवे काही सुरू करायचे नाही. वहीत तारीख घालून दोन वाक्ये लिहायची : आज काय चालले, आणि पुढच्या वेळी कोणत्या फाइलमधली कोणती ओळ प्रथम उघडायची. ‘संवाद पूर्ण करणे’ असे मोघम लिहून उपयोग होत नाही. ‘नावाडिणीचे बुधवारचे वाक्य, तिला होडीच्या डांबराचा वास आवडतो हे त्यात यावे’ असे लिहिले तर पुढच्या वेळी हात लगेच चालू लागतो. काम थांबवताना फाइल चालत्या स्थितीत असली पाहिजे, हा नियमही कटाक्षाने पाळा. मॉडची माहिती ज्यात लिहितात त्या जेसन फाइलमध्ये दोन नोंदींमधला एक स्वल्पविराम राहिला तर सबंध फाइल वाचली जात नाही, आणि चार दिवसांनी तो स्वल्पविराम शोधत बसण्यासारखे मन खचवणारे दुसरे काही नाही. फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटचा वापर येत असेल तर त्या दोन वाक्यांसोबत त्या दिवसाची नोंद तिथे करून टाका. येत नसेल तर तारखेच्या नावाने फोल्डरची प्रत काढणेही पुरेसे आहे.

अपडेटमुळे बसलेला तडाखा तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकला आहे, पण मला वाटते तुमच्या मनावर त्याचा घाव अजून ओला आहे. 2024च्या 19 मार्चला आलेल्या 1.6 आवृत्तीने वस्तूंचे आकडी क्रमांक जाऊन त्यांच्या जागी अक्षरी ओळख आणली, पात्रांची माहिती ठेवण्याची फाइल बदलली आणि त्या माहितीची मांडणीही नव्याने केली. लॉगमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदींत, लाल ओळींचा जो ढीग तुम्ही पाहिलात तो तुमच्या चुकांचा नव्हता. मोठमोठ्या चमूंनाही हे टळलेले नाही. ‘फॉलआउट : लंडन’ हा भव्य मॉड 2024च्या 23 एप्रिलला येणार होता, पण मूळ गेमचे नवे अपडेट 25 एप्रिलला येणार असल्याचे कळल्यावर त्यांना तारीख पुढे ढकलावी लागली, आणि तो जुलैमध्ये आला. तुमच्यापुरता धडा एवढाच घ्या की ज्या आवृत्तीवर तुमचे काम चालते तिच्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवावी, हातातला भाग पूर्ण होईपर्यंत त्याच प्रतीवर काम करावे, आणि नव्या आवृत्तीशी जुळवून घेणे हे एक स्वतंत्र काम मानून त्याला स्वतंत्र संध्याकाळी द्याव्यात. लिखाण आणि दुरुस्ती एकाच बैठकीत केली की दोन्ही बिघडतात.

0.1 देण्यापूर्वी एका गोष्टीत मात्र घाई करू नका. पात्रांची अंतर्गत नावे, प्रसंगांचे ओळखक्रमांक आणि खुद्द मॉडची ओळख ही खेळाडूंच्या सेव्ह फायलींशी बांधली जातात. नावाडिणीचे पडद्यावर दिसणारे नाव तुम्ही पुढे केव्हाही बदलू शकाल, पण तिचे अंतर्गत नाव बदलले तर खेळाडूने तिच्याशी जोडलेली मैत्री गेमच्या लेखी पुसली जाईल. त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ द्या, बाराही माणसांची नावे आताच कायमची ठरवा आणि प्रत्येक ओळखक्रमांकाच्या आधी आपल्या मॉडची ओळख जोडा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या मॉडशी ती टकरावणार नाही.

‘कधी होणार?’ असे विचारणाऱ्यांना तारीख देऊ नका. हे मी फार आग्रहाने सांगते आहे. तारीख दिली की छंदाची नोकरी होते आणि तीही बिनपगारी. ‘सध्या नावाडिणीच्या घराचे काम चालू आहे, ते झाले की तेवढे खेळता येईल’ असे उत्तर द्या. ते खरे आहे आणि विचारणाऱ्यालाही त्यातून काही कळते. रोज थोडे तरी काम झालेच पाहिजे असा नेम करण्याचा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे मिळेल, पण तुमच्या बाबतीत तो मला पटत नाही. दोन संध्याकाळींचा तुमचा नेम इतका काळ टिकला आहे, आणि टिकलेल्या नेमात ढवळाढवळ करू नये. एखाद्या आठवड्यात मुळीच मन लागले नाही तर मॉड न उघडता नुसता गेम खेळा. खेळाडू म्हणून त्या गावात फिरताना, मूळ लेखकाने एखाद्या गावकऱ्याच्या दोन वाक्यांत केवढे सांगितले आहे हे जाणवते, आणि ते आणखी एका अर्ध्या नकाशावर रेटत बसण्यापेक्षा अधिक कामी येते.

तुमच्या भावाने ऐकवलेली म्हण तुम्हाला लागली, हे उघड आहे. ती तुमच्या मांडणीला लागू पडते, तुमच्या कष्टांना नाही. मांडणी एका महिन्यात बदलता येते.

सोडून द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर मी तुमच्या वतीने देणार नाही, पण ते कधी शोधावे हे सांगते. आत्ता, दमलेल्या मनाने, 48पैकी 47 प्रसंग समोर उभे असताना ते शोधू नका. नावाडिणीचा भाग पूर्ण करा, तो कोणीतरी खेळू द्या आणि मग एक महिना हे फोल्डर उघडू नका. त्या महिन्यात दुसऱ्या घरातल्या माणसाचे एखादे वाक्य आपणहून सुचले, तर 0.2 सुरू करा. नाही सुचले, तर वस्ती एका उघड्या दाराची आणि अकरा बंद दारांची राहील. ती चालणारी, कोणालाही फिरून येता येईल अशी वस्ती असेल, आणि तुम्ही काम अर्धवट टाकले असा त्याचा अर्थ होणार नाही.

राहता राहिली तुमची मैत्रीण. तिने काढलेले 12 चेहरे तिचे आहेत, तुम्ही दोघींनी मिळून ठरवले होते तरीही. प्रसिद्ध करण्याआधी तिला लिहा, चित्रे वापरण्याची आणि पुढे गेमच्या नव्या आवृत्तीसाठी गरज पडल्यास त्यांत बदल करण्याची परवानगी लेखी मागा, आणि श्रेयनामावलीत तिचे नाव कसे हवे ते तिलाच विचारा. मी तुमच्या जागी असते तर त्या पत्रासोबत तिला नावाडिणीचा चालता प्रसंग पाठवला असता. तिने 64 बाय 64 पिक्सेलच्या चौकटीत काढलेला तो चेहरा बोलताना तिने अजून पाहिलेला नसेल.